कुळाला प्रमुख कशासाठी हवा?

आयर्लंडच्या पंतप्रधानाला तिथले लोक 'टीशख' म्हणतात. हा जुना आयरिश शब्द आहे, अर्थ म्होरक्या किंवा कुळाचा नायक. उपपंतप्रधानाला म्हणतात 'टानिश्ते'. म्हणजे नायक जिवंत असतानाच त्याच्या मागून कोण, हे ठरवून ठेवलेला माणूस. राजे गेले, कुळांची राज्यं गेली, इंग्रजांची सत्ता आली आणि गेली, पण शब्द टिकले. १४ जून २०१७ रोजी त्या पहिल्या पदावर लिओ वराडकर बसले. वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आई आयरिश. डिसेंबर २०१९ मध्ये, पदावर असतानाच, ते कुटुंबासह वराडला येऊन गेले आणि गावाने त्यांचं घरच्या माणसासारखं स्वागत केलं.

मला यात गंमत वाटते ती आडनावाची. आयरिश आडनावातला 'ओ' म्हणजे वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओनील म्हणजे नीलचे वंशज. तिथलं आडनाव पूर्वज सांगतं. आपलं 'कर' लावलेलं आडनाव गाव सांगतं. म्हणजे ज्या देशात माणसं बापजाद्यांच्या नावाने ओळखली जातात, तिथे एका गावाच्या नावाचा माणूस 'कुळनायक' झाला. तोही वंशाने नव्हे, संसदेत मतं घेऊन.

मी बदलापूरला राहते. रोज कल्याणकडे जाताना आधी अंबरनाथ लागतं, मग उल्हासनगर, आणि या दोन स्टेशनांत आडनावांचा सगळा नकाशा बदलतो. बदलापुरात सोसायट्यांच्या पाट्यांवर 'कर'च 'कर'. गिरगाव, लालबाग, परळ परवडेनासं झालं तशी कोकणातली घरं डोंबिवली ओलांडून इथवर आली. उल्हासनगरात उतरलं की दुकानांच्या पाट्यांवर अडवाणी, लालवाणी, मीरचंदानी. सिंधी आडनावातलं 'आणी' आयरिश 'ओ'सारखंच काम करतं: अमक्या पूर्वजाची लेकरं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत नव्वद हजारांहून जास्त निर्वासित आणून ठेवले गेले आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक अजून पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' म्हणतात. गाव कायमचं सुटलं, पण पूर्वजाचं नाव सामानाबरोबर आणता आलं. आपलं उलट. आपल्याला गाव आहे, निदान गणपतीत जाण्यापुरतं, म्हणून खापरपणजोबांचं नाव विचारलं तर आपण गप्प बसतो.

तर या आमच्या खापरपणजोबांचा शोध सध्या जोरात आहे. आमचंही कुळ मालवण तालुक्यातलंच. कुलवृत्तांताची छापील प्रत तयार आहे, त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांकडच्या वहीतली नावं उतरवून आणली आहेत, आणि येत्या हिवाळ्यात बदलापूर पूर्वेच्या एका कार्यालयात कुलसंमेलन भरणार आहे. यंदा समितीच्या मनात एक नवी गोष्ट आहे. कुळाला एक 'कुलप्रमुख' असावा, संमेलनात त्याला फेटा बांधावा, देवाच्या साक्षीने त्याच्या हाती काठी द्यावी. ग्रुपवर विचारणा आली आहे: प्रमुख कोण असावा आणि कसा निवडावा, आपलं मत कळवा. बहुतेकांनी हात जोडलेल्या इमोजी पाठवल्या. मला मात्र हा प्रश्न उत्तर देण्यासारखा वाटतो.

*

आधी आयर्लंडकडेच बघू, कारण तिथे हा खेळ फार जुना आहे आणि त्याचे सगळे डाव खेळून झालेत.

जुन्या आयरिश रिवाजात नायकाचा थोरला मुलगा आपोआप नायक होत नसे. एका पणजोबाची जी संतती, ती एक भावकी. त्या भावकीतल्या पुरुषांमधून लायक असेल त्याला निवडायचं. पणजोबापर्यंत मोजायची ही रीत आपल्याला ओळखीची वाटायला हवी. आपल्या श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह या तिघांची नावं घेतात. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबातला हक्कही चार पिढ्यांचा. दोन्ही टोकांच्या माणसांना साधारण एकच गोष्ट कळली असावी की आठवण चार पिढ्या पुरते, त्यापुढे नुसती यादी उरते.

ओनील कुळाच्या नायकाचा विधी टलाहोग नावाच्या टेकडीवर दगडी आसनावर होई. त्याच्या हाती सरळ पांढरी काठी देत. आणि दुय्यम घराण्याचा प्रमुख जोड्याचा विधी करी. जोडा पायात घातल्याची वर्णनं मिळतात, तशी डोक्यावरून टाकल्याचीही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की नायक स्वतःला नायक करू शकत नव्हता. त्याच्याखालच्याच कुणीतरी ते करायचं. आपल्याकडे जोड्याचा याहून धारदार उपयोग भरताने केला. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून त्याने चौदा वर्षं कारभार पाहिला. अधिकार हातात आहे, पण माझा नाही, हे रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून.

१६०२ मध्ये इंग्रज सेनापती माउंटजॉयने ओनीलांचं ते आसन फोडलं. पण खरं नुकसान त्याच्या साठ वर्षं आधीपासून सुरू झालं होतं, आणि ते कागदावर झालं. आठव्या हेन्रीच्या काळात इंग्रजांनी कुळनायकांना एक सौदा दिला. तुमची जमीन राजाच्या स्वाधीन करा, राजा ती तुम्हालाच परत देईल, वर सरदारकीही देईल. बरेच नायक तयार झाले. फरक एवढाच पडला की जी जमीन कुळाची होती आणि नायक फक्त तिचा राखणदार होता, ती आता नायकाची खाजगी झाली आणि त्याच्यामागून थोरल्या मुलाची. राखणदार मालक झाला. कुळातल्या बाकीच्यांना हे कळेपर्यंत ते स्वतःच्या जमिनीवर कुळं झाले होते. इथे 'कुळं' हा शब्द आपल्या कूळकायद्यातल्या अर्थाने.

पुढे स्वतंत्र आयर्लंडने १९४० च्या दशकात जुन्या नायकांच्या वारसांना सौजन्य म्हणून मान्यता द्यायला सुरुवात केली, तीही जुन्या निवडणुकीच्या रिवाजाने नव्हे तर थोरल्या शाखेच्या इंग्रजी नियमाने. १९९९ मध्ये उघड झालं की अशी मान्यता मिळालेल्या एका मोठ्या कुळाच्या 'नायका'ची वंशावळच बनावट होती. २००३ मध्ये सरकारने ही मान्यता देण्याची पद्धतच बंद केली. आज तिथे कुळांचे मेळावे जोरात भरतात, अमेरिका-ऑस्ट्रेलियातून लोक येतात, आणि अनेक कुळं आपला मानद नायक मतं घेऊन निवडतात. म्हणजे शासनाने शिक्का काढून घेतल्यावर लोक पुन्हा जुन्या वाटेला लागले.

*

आपल्याकडे नायक कुळाचा कमी आणि गावाचा जास्त. पाटील, कुलकर्णी, देशमुख. पण पद वंशाने चालायचं, वतन म्हणून. जुन्या वतनपत्रांत पाटीलकीची वाटणी कशी व्हायची ते वाचण्यासारखं आहे. पाटीलकी अर्धी विकता यायची, आणि मग मान वाटून घ्यायचा: पहिला टिळा कोणाला, पहिला विडा कोणाला, पोळ्याला कोणाचे बैल पुढे. आपण हसतो, पण आजही कोकणात देवाच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात. मान ही वस्तू अशी आहे की ती दुसऱ्याला नाकारल्याशिवाय आपल्याला मिळाल्यासारखी वाटत नाही.

आणि त्याच वतनाच्या व्यवस्थेत दुसरं टोकही होतं. महारवतन. नाव तेच, वारसाहक्क तोच, १८७४ च्या ब्रिटिश कायद्याने त्याला आधारही दिला. पण वाट्याला काय यायचं? रात्री-अपरात्री सरकारी काम, नावापुरता तुकडा आणि बलुत्यासाठी लोकांपुढे पसरायचा हात. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हे बदलण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. त्यांनी स्वतःच्या समाजाला सांगितलं की हे वतन सोडा, ही बेडी आहे. प्रत्यक्षात हलकी वतनं कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, पाटीलकी १९६२ च्या.

एकच शब्द एकाला अभिमान आणि दुसऱ्याला बेडी. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं. 'आमच्या पूर्वजांकडून आलं' हे कुठल्याही गोष्टीच्या बाजूचं पुरेसं कारण नाही. पूर्वजांकडून मानही येतो आणि ओझंही, आणि बऱ्याचदा एकाचा मान दुसऱ्याच्या ओझ्यावर उभा असतो.

*

आता आमच्या घरात या. माझी एक आत्या अंबरनाथला राहते. कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाली. तिचं लग्न तीन-चार वर्षांत मोडलं, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तिच्याकडे एक जाडी डायरी आहे. कुळातल्या बहुतेक घरांचे पत्ते, फोन, वाढदिवस, आणि नावापुढे कंसात रक्तगट. कुणी दवाखान्यात दाखल झालं की पहिला फोन आत्याला जातो. मुंबईला ऑपरेशनसाठी गावाहून येणारे तिच्याकडे उतरतात. दोन भावांचं बोलणं बंद असेल तर लग्नाची पत्रिका तिच्या हातून जाते. कुलवृत्तांतातली निम्मी अलीकडची माहिती तिच्या डायरीतून घेतलेली आहे.

वृत्तांतातल्या वंशवृक्षात तिचं नाव आहे. त्यापुढे रेघ नाही.

आमच्या कुळाचा एक निधी आहे, शिक्षण आणि औषधोपचारासाठी. मोठा नाही, पण वेळेला उपयोगी पडतो. गेल्या वर्षी आत्याने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अर्ज केला. अदबीने लिहिलेलं उत्तर आलं. निधीच्या नियमाप्रमाणे लाभ कुळातील पुरुष, त्यांच्या पत्नी व अविवाहित मुली यांना मिळतो. आपला विवाह झाल्याने आपण अन्य कुळात गणल्या जाता. तिच्या सासरच्या कुळाने तिला पस्तीस वर्षांपूर्वीच वगळलं आहे. म्हणजे कागदोपत्री ती कुठेच नाही. ऑपरेशन झालं, तिच्याच पैशांनी झालं, ती आता बरी चालते. पत्र तिने डायरीतच ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? नियम तसाच आहे ना."

समितीतल्या एका काकांशी मी यावर बोलले. ते दुष्ट नाहीत. त्यांचं म्हणणं असं: निधी तुटपुंजा आहे. लेकी, त्यांची मुलं, त्यांच्या मुलांची मुलं, सगळे घेतले तर कुळ राहील का? अर्धा तालुका होईल. कुठेतरी रेघ मारायलाच हवी. प्रमुखाबद्दलही ते म्हणतात, थोरल्या पातीतला थोरला पुरुष हा नियम निदान भांडण तरी लावत नाही. निवडणूक आली की गट आले. यात तथ्य आहे. आयर्लंडमध्ये नायक निवडायच्या रिवाजाने चुलतभावांच्या लढायाही भरपूर झाल्या.

पण रेघ मारायचीच तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न उरतो. रक्ताच्या? मग हिशोब करू. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पायरीवर १०२४ जागा होतात. आडनाव त्यातल्या एका जागेवरून येतं. बाकीच्या १०२३ ची नावं वंशवृक्षात नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायका आहेत. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमध्ये दर पाच पुरुषांमागे सुमारे एकात एकच पितृवंशाची खूण सापडली. दंतकथेतल्या नील राजाचे हे वंशज असावेत, अशी चर्चा झाली. बातमी मोठी होती. पण पाचातला एक जर राजाचा वंशज असेल, तर राजाचा वंशज असण्याला अर्थ काय उरला? रक्त मोजायला गेलं तर रेघ एकतर फार जवळ पडते नाहीतर फार लांब.

कायद्याला हे आपल्या आधी कळलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला जन्माने मुलासारखाच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. लग्नाने तो जात नाही. सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागू शकतं. वंशवृक्षावर मात्र तिच्यापुढे रेघ ओढायला समितीची परवानगी लागते.

*

इथे एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. १७९३ मध्ये विल्यम गॉडविन या इंग्रज विचारवंताने लिहिलं की घराला आग लागली आहे, आत थोर लेखक फेनेलाँ आणि त्याची मोलकरीण आहे, एकालाच वाचवता येतं, तर लेखकाला वाचवावं, कारण जगाचा फायदा त्यात आहे. आणि ती मोलकरीण तुमची आई असली तरी. 'माझी' या शब्दात अशी काय जादू आहे, हा त्याचा सवाल.

आपल्याला हे ऐकून झटका बसतो. पण का बसतो? आई रक्ताची आहे म्हणून? दत्तक घेतलेल्या आईबद्दलही तसाच बसेल. तिने जे केलं, आपण जे एकमेकांवर सोपवलं, त्यामुळे बसतो. आता आईऐवजी पाचव्या पिढीत जुळणारा चुलतभाऊ ठेवून बघा, ज्याला आपण संमेलनात चहाच्या रांगेत पहिल्यांदा पाहिलं. 'माझा' शब्दातली जादू जवळजवळ संपते. म्हणजे नात्यातलं बळ रक्तातून आपोआप येत नाही. ते केल्याने येतं.

मग कुलसंमेलन फोल आहे का? मला तसं वाटत नाही. शहरात आलेल्या माणसाला अनोळखी माणसाकडे मदत मागायला निमित्त लागतं. 'आपण एकाच कुळाचे' हे चांगलं निमित्त आहे. उल्हासनगरला आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपापल्या पंचायती पुन्हा उभ्या केल्या, मुखी नेमले. सगळं गमावलेल्या माणसांना कुणाकडे जायचं याचा पत्ता त्यातून मिळाला. कुळ हे मला असं दिसतं: रक्ताचं निमित्त करून एकमेकांना दिलेला शब्द. निमित्त दुर्बळ असलं तरी शब्द खरा असू शकतो. मात्र शब्द असेल तर तो ज्यांनी पाळला ते कुळातले, आणि आत्याला बाहेर ठेवणाऱ्या नियमाला आधार उरत नाही. दोन कुळांत एक माणूस असला तर बिघडतं काय? त्याच्याकडे जाण्यासारखी दारं दोन झाली.

बदलापूरच्या ना. गो. चापेकरांनी हे दोन्ही हिशोब मांडलेले आहेत. १९३३ मध्ये त्यांनी 'बदलापूर' लिहिलं, आपल्या गावाची बारकाईने केलेली नोंद. १९३८ मध्ये 'चित्पावन', आपल्या ज्ञातीची. एका पुस्तकात 'आपले' म्हणजे एका वेशीत राहणारे सगळे, दुसऱ्यात 'आपले' म्हणजे एका वंशाचे. दोन्ही उपयोगी. पण मला पुराच्या दिवशी उल्हास नदी चढते तेव्हा पहिल्या पुस्तकातली माणसं लागतात.

आणि अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे तिथे. बांधणारे शिलाहार राजे स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत, ज्याने एका नागाला वाचवायला स्वतःचा देह गरुडापुढे ठेवला. शिवाय बिरुद लावत 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे स्वामी. उत्तर कोकणात राज्य करताना त्यांनी जुन्या गावाची आठवण अशी जपली. आपल्या भाषेत सांगायचं तर ते तेरकर. राजेही आडनावाला गाव लावत होते. पण पूर्वज निवडताना त्यांनी निवडला तो परक्यासाठी जीव देणारा. ही निवड मला आवडते. पूर्वज खरा होता की नाही याला महत्त्व नाही. आपण कुणाची लेकरं म्हणवून घ्यायचं, यात आपल्याला कसं वागायचंय ते सांगितलं जातं.

*

समितीला मी जे कळवलं ते इथेही लिहिते.

एक, कुलप्रमुख जरूर असावा, पण तीन वर्षांसाठी, आणि संमेलनाला आलेल्या सगळ्यांनी निवडलेला. सगळ्यांनी म्हणजे लेकी, सुना, जावई, दत्तक आलेले, दत्तक गेलेले. लग्न न केलेले आणि ज्यांचा जोडीदार वंशवृक्षाच्या चौकटीत बसत नाही तेही. लिओ वराडकरांनी पंतप्रधान होण्याआधी, २०१५ मध्येच, आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं होतं. वराडने स्वागत करताना रकाना शोधला नाही. दोन, प्रमुखाच्या हाती निधीचा हिशोब असावा पण सही एकट्याची नसावी. राखणदाराचा मालक होतो तो याच फटीतून. तीन, निधीचा लाभ ज्याने कुळाशी संबंध राखलाय अशा कुणालाही मागता यावा. रेघ लागेल तर ती रकमेवर मारा, लग्नावर नको. चार, फेटा बांधायचा असेल तर तो कुळातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने बांधावा, म्हणजे तो कुणाच्या हातून आला हे प्रमुखाच्या लक्षात राहील.

आत्याचं नाव मी सुचवलं नाही. तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "फेटा नको गं, डोकं दुखतं. डायरी कुणीतरी पुढे चालवायला घ्या." समितीला हे पाचवं कलम म्हणून पाठवलंय. उत्तर अजून यायचंय.